ई-पुस्तकांची प्रतीक्षायादी आणि सार्वजनिक ग्रंथालये

छापील पुस्तकाची एक प्रत एका वेळी एकाच वाचकाच्या हाती राहते, कारण ती कागदाची वस्तू आहे. ई-पुस्तकाला अशी कोणतीही भौतिक अडचण नसते, कारण त्याची संगणकीय फाइल कितीही वेळा आणि जवळजवळ विनाखर्च उतरवून घेता येते. असे असूनही अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत गाजत असलेल्या नव्या कादंबरीचे ई-पुस्तक मागणाऱ्या वाचकाला अनेक आठवडे, पुष्कळदा कित्येक महिने थांबावे लागते. या विलंबाचा दोष वाचक सहसा ग्रंथालयाला किंवा ॲपला देतो. वस्तुतः ही रांग करारातून जन्माला येते. प्रकाशकाने कोणत्या अटींवर पुस्तक दिले, कायद्याने ग्रंथालयाच्या हाती कोणता अधिकार ठेवला आणि उरलेल्या मर्यादेत ग्रंथालयाने आपला पैसा कसा वापरला, यांवर तिची लांबी ठरते. आणि यांपैकी शेवटची गोष्ट तेवढी ग्रंथालयाच्या स्वाधीन असते. या प्रश्नावर गेल्या पंधरा वर्षांत सर्वाधिक वाद, खटले आणि कायदे अमेरिकेत झाले असल्यामुळे आढावाही मुख्यतः तेथीलच घ्यावा लागतो.

अमेरिकेतील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालयांची ई-पुस्तकांची देवघेव ओहायो राज्यातील क्लीव्हलँड परिसरात १९८६ साली स्थापन झालेल्या ओव्हरड्राइव्ह या कंपनीमार्फत चालते. २००३ मध्ये क्लीव्हलँड सार्वजनिक ग्रंथालयापासून या कंपनीची ग्रंथालयसेवा सुरू झाली, २०१५ मध्ये जपानच्या राकुतेन समूहाने आणि २०२० मध्ये केकेआर या गुंतवणूक संस्थेने ती विकत घेतली, आणि २०१७ पासून तिचे लिबी हे ॲप वाचकांच्या फोनवर आले. सभासदत्वाचा क्रमांक घालून पुस्तक शोधले की ते उपलब्ध आहे की नाही हे लिबीवर दिसते. नसेल तर मागणी नोंदवता येते, जिला तेथे ‘होल्ड’ म्हणतात. मग ग्रंथालयाकडे किती प्रती आहेत, दर प्रतीमागे किती वाचक थांबले आहेत आणि अंदाजे किती आठवडे लागतील, हे पडद्यावर येते. पाळी आली की पुस्तक उचलायला साधारणतः तीन दिवसांची मुदत मिळते आणि उचललेले पुस्तक बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांनी आपोआप परत जाते. करोनाच्या साथीत ग्रंथालये बंद पडल्यावर या सेवेचा वापर एकदम वाढला. ओव्हरड्राइव्हच्या स्वतःच्या आकड्यांनुसार २०२० मध्ये तिच्यामार्फत ई-पुस्तके, श्राव्य पुस्तके आदींची सुमारे ४३ कोटी वेळा देवघेव झाली, तर २०२४ मध्ये हा आकडा ७३.९ कोटींवर पोहोचला. मागणीच्या या वाढीला पुरी पडेल अशी वाढ ग्रंथालयांच्या अंदाजपत्रकांत झालेली नाही.

ग्रंथालयांत सर्वाधिक रूढ असलेल्या करारपद्धतीला ‘एक प्रत, एक वाचक’ असे म्हणतात. ग्रंथालयाने एका पुस्तकाचे जितके परवाने घेतले असतील तितक्याच वाचकांना ते एका वेळी देता येते, म्हणजे छापील प्रतीची मर्यादा येथे करार करून संगणकीय फाइलवर लादलेली असते. एखाद्या ग्रंथालयाकडे एका कादंबरीचे १० परवाने आहेत, २०० वाचक रांगेत आहेत आणि मुदत २१ दिवसांची आहे असे धरले, तर शेवटच्या वाचकाच्या आधी प्रत्येक परवान्याच्या जवळजवळ २० फेऱ्या व्हाव्या लागतात. प्रत्येकाने पूर्ण मुदत वापरली तर हा काळ ४०० दिवसांच्या घरात जातो. प्रत्यक्षात बरेच वाचक पुस्तक लवकर परत करतात, काही जण पाळी आल्यावर नाव काढून घेतात, त्यामुळे एवढा वेळ क्वचितच लागतो. उलट बाजूने, पाळी आलेल्या वाचकाने तीन दिवस काहीच केले नाही तर ती प्रत तेवढे दिवस कोणाच्याच उपयोगी न पडता अडकून राहते, आणि असे २० फेऱ्यांत वारंवार घडले तर शेवटच्या वाचकाची प्रतीक्षा आणखी काही आठवड्यांनी लांबते. एकाच वाचकाने दोन-तीन ग्रंथालयांची कार्डे घेऊन सगळीकडे मागणी नोंदवून ठेवली, तर रांग खऱ्या मागणीपेक्षा लांब दिसते ती वेगळीच.

परवान्यांची संख्या दुप्पट केली की प्रतीक्षा निम्मी होते, हे खरे. पण खरी अडचण तेथेच सुरू होते. सामान्य ग्राहकाला नवे ई-पुस्तक साधारणतः १२ ते १५ डॉलरला मिळते, तर मोठे प्रकाशक गाजणाऱ्या पुस्तकाच्या परवान्यासाठी ग्रंथालयाकडून बहुधा ५५ ते ६५ डॉलर घेतात आणि तो परवाना दोन वर्षांनी संपतो. वरच्या उदाहरणातले १० जादा परवाने घ्यायचे म्हणजे सुमारे ६०० डॉलर एकाच कादंबरीवर खर्च करायचे, आणि तेही अशा पुस्तकावर की ज्याची मागणी पहिल्या काही महिन्यांतच एकवटलेली असते. पुस्तक गाजत असताना परवाने अपुरे पडतात. वर्षभराने मागणी ओसरली की तेच परवाने रिकामे राहतात आणि रिकामे असतानाच त्यांची मुदत संपते. त्यानंतर ते पुस्तक संग्रहात ठेवायचे असेल तर पुन्हा पैसे मोजावे लागतात. छापील प्रत मागणी सरल्यावरही मांडणीवर राहते, दहा वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याला सापडते, जीर्ण झाली तर बांधणी करून आणखी काही वर्षे टिकते; मुदतीच्या परवान्यातून असा संग्रह उभा राहत नाही. प्रतीक्षायादीची चर्चा बहुधा वाचकाच्या गैरसोयीपाशी थांबते, परंतु संग्रहाची ही गळती अधिक गंभीर मानली पाहिजे.

प्रकाशकाला अशा अटी घालता येतात, याचे कारण कायद्यात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेच्या खटल्यात एक मूलभूत निर्णय दिला. पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये अशी सूचना प्रकाशकाने आत छापली होती आणि मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटना विकले होते. प्रत एकदा विकली गेली की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचे नियंत्रण उरत नाही, असे न्यायालयाने ठरवले. ‘प्रथम विक्रीचा सिद्धांत’ या नावाने ओळखले जाणारे हे तत्त्व पुढे कायद्यात समाविष्ट झाले, आणि सार्वजनिक ग्रंथालयांची छापील पुस्तकांची देवघेव त्याच पायावर उभी आहे: विकत घेतलेली प्रत कोणाला, किती वेळा आणि किती दिवस द्यायची हे ग्रंथालय ठरवते. ई-पुस्तक मात्र विकले जात नाही, त्याचा परवाना दिला जातो. शिवाय फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर पाठवणे म्हणजे तिची नवी नक्कल तयार करणे होय, अशी भूमिका अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये संगीताच्या फायलींच्या पुनर्विक्रीविषयीच्या रेडिजी खटल्यात घेतली. त्यामुळे प्रथम विक्रीचे संरक्षण ई-पुस्तकापर्यंत पोहोचत नाही, आणि अटींचा संपूर्ण अधिकार प्रकाशकाकडे राहतो.

हा अधिकार कसा वापरला गेला याचा इतिहास बोलका आहे. मार्च २०११ पासून हार्परकॉलिन्सने आपले ई-पुस्तक २६ वेळा दिले गेले की परवाना संपेल, असा नियम लागू केला. छापील प्रत साधारण तेवढ्याच वापरात जीर्ण होते असा त्यामागचा युक्तिवाद होता. ओक्लाहोमा राज्यातील पायोनियर ग्रंथालय व्यवस्थेतील ग्रंथपालांनी त्याच प्रकाशनसंस्थेची, २६ हून अधिक वेळा बाहेर जाऊनही सुस्थितीत असलेली छापील पुस्तके कॅमेऱ्यासमोर उलगडून दाखवली आणि तो आकडा किती मनमानी आहे हे डोळ्यांना दिसेल असे केले. देशभर बहिष्काराची भाषा झाली, तरी नियम कायम राहिला. पेंग्विन रँडम हाउसने २०१८ मध्ये कायमस्वरूपी परवाना बंद करून दोन वर्षांचा परवाना आणला. २०१९ मध्ये हॅशेट आणि सायमन अँड शूस्टर यांनीही दोन वर्षांचीच मुदत स्वीकारली. आज ग्रंथपालांना हार्परकॉलिन्सची जुनी अट तुलनेने सुसह्य वाटते, कारण तिच्यात निदान वापरानुसार पैसे जातात आणि न वाचलेले पुस्तक केवळ दिवस उलटले म्हणून नाहीसे होत नाही.

सर्वांत उघड संघर्ष मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेशी झाला. तिचे तत्कालीन मुख्याधिकारी जॉन सार्जंट यांनी जुलै २०१९ मध्ये जाहीर केले की नव्या पुस्तकाच्या पहिल्या आठ आठवड्यांत प्रत्येक ग्रंथालय व्यवस्थेला, तिचा आकार कितीही असो, ई-पुस्तकाची एकच प्रत मिळेल. संस्थेची जितकी ई-पुस्तके अमेरिकेत वाचली जातात त्यांपैकी सुमारे ४५ टक्के ग्रंथालयांतून फुकट नेलेली असतात, असा त्यांचा दावा होता. लाखो सभासद असलेल्या शहराला आणि एका खेड्यातील ग्रंथालयाला सारखीच एक प्रत, असा हा नियम १ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झाला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने सह्यांची मोहीम काढली, सिॲटल परिसरातील किंग काउंटीसह अनेक ग्रंथालय व्यवस्थांनी मॅकमिलनची नवी ई-पुस्तके घेणे थांबवले, आणि मार्च २०२० मध्ये करोनाच्या सुरुवातीला कंपनीने नियम मागे घेतला. येथे रांग ही व्यवस्थेची अनपेक्षित त्रुटी नव्हती. वाचकाने थांबण्याला कंटाळून पुस्तक विकत घ्यावे, यासाठी ती जाणीवपूर्वक लांब केली गेली होती.

प्रकाशकांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. छापील पुस्तकासाठी वाचकाला ग्रंथालयापर्यंत जावे लागते, ते वेळेत परत करावे लागते, प्रत मळलेली असू शकते. या लहानसहान अडचणींमुळे ज्याला परवडते तो पुस्तक विकत घेतो आणि लेखकाला मानधन मिळते. ई-पुस्तकात ग्रंथालयाची प्रत आणि दुकानातली प्रत यांत वाचकाला काहीच फरक जाणवत नाही, तेव्हा सर्व पुस्तके सर्वांना तत्काळ व मोफत मिळू लागली तर विकत घेणार कोण, हा प्रश्न लेखनावर पोट असणाऱ्याच्या दृष्टीने खराच आहे. परंतु या युक्तिवादातून न्याय्य मोबदल्याची मागणी निघते. आठ आठवड्यांची बंदी किंवा न वापरताही संपणारा परवाना निघत नाही. ग्रंथालय पैसे द्यायला तयार आहे, किंबहुना सामान्य ग्राहकाच्या चौपट देत आहे. शिवाय रांगेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही: ज्याच्याकडे पैसे आहेत तो रांग सोडून पुस्तक विकत घेतो, आणि अंध, अंथरुणाला खिळलेले किंवा दूरच्या वस्तीत राहणारे वाचक, ज्यांच्यासाठी ई-पुस्तक हाच सोयीचा मार्ग आहे, ते थांबून राहतात.

ग्रंथालयांनी आपल्या परीने अनेक उपाय योजले आहेत. दर परवान्यामागे ठरावीक संख्येपेक्षा जास्त मागण्या झाल्या की नवा परवाना घ्यायचा, हा त्यांतला सर्वांत जुना नियम. ही संख्या किती ठेवायची हे ज्याच्या त्याच्या तिजोरीवर अवलंबून असते. लहान ग्रंथालये संघ करून सामाईक संग्रह ठेवतात. त्यामुळे निवड वाढते, पण गाजलेल्या पुस्तकाची रांगही सामाईक होते. काही ठिकाणी थोड्या प्रती रांगेबाहेर ठेवून, जो वाचक ऐन वेळी ॲप उघडेल त्याला कमी मुदतीवर दिल्या जातात. हूप्लासारख्या सेवांत परवाना घ्यावाच लागत नाही; वाचकाने पुस्तक उचलले की तेवढ्या एका वापराचे पैसे ग्रंथालय देते, त्यामुळे तेथे रांग नसते. मात्र खर्चावर आधी लगाम नसल्याने ग्रंथालयाला दर सभासदामागे महिन्याला काहीच पुस्तके अशी मर्यादा घालावी लागते, आणि काहींना ही सेवा परवडेनाशी झाल्याने बंद करावी लागली आहे. सिॲटलच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२४ मध्ये एका सभासदाला एका वेळी नोंदवता येणाऱ्या ई-पुस्तकांच्या मागण्या २५ वरून १० वर आणल्या. याने यादी आटोपशीर होते. वाचकाची गरज कमी होत नाही. त्यातच मार्च २०२५ मध्ये ग्रंथालयांना साहाय्य करणारी केंद्रीय संस्था मोडीत काढण्याचा अध्यक्षीय आदेश निघाल्यावर मिसिसिपी राज्याच्या ग्रंथालय आयोगाला हूप्लाची सेवा स्थगित करावी लागली, यावरून ही देवघेव किती नाजूक अर्थबळावर चालते ते दिसते.

ग्रंथालयाच्या मालकीच्या छापील प्रतीवरूनच ई-प्रत तयार करून द्यावी, हा मार्ग सॅन फ्रान्सिस्को येथील इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने चोखाळला. जितक्या छापील प्रती हाती आहेत तितक्याच स्कॅन केलेल्या प्रती एका वेळी द्यायच्या, असे त्याचे तत्त्व होते. २४ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीत शाळा-ग्रंथालये बंद झाल्याचे कारण देऊन, संस्थेने प्रतीक्षायाद्याच स्थगित केल्या आणि सुमारे १४ लाख पुस्तके एकाच वेळी कितीही वाचकांना खुली केली. जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी दावा दाखल केला, मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. निकालाचा फटका केवळ त्या आपत्कालीन प्रयोगाला बसला नाही. एका प्रतीमागे एक वाचक या मूळ पद्धतीलाच तो बसला आणि पाच लाखांहून अधिक पुस्तके देवघेवीतून काढावी लागली. हेतू उदात्त होता, पण याद्या स्थगित करण्याच्या त्या निर्णयाने खटल्याला निमित्त दिले आणि ग्रंथालयांचा एक बचावक्षम मार्ग अकाली पणाला लागला, असे म्हणणे भाग आहे.

कायदेमंडळांचा अनुभवही शिकवून जाणारा आहे. मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये, सामान्य ग्राहकांना विकले जाणारे ई-पुस्तक प्रकाशकाने ग्रंथालयांनाही वाजवी अटींवर दिलेच पाहिजे, असा कायदा केला. स्वामित्वहक्क म्हणजे कॉपीराइट हा केंद्राचा विषय असल्याने राज्याला अशी सक्ती करता येत नाही, असे ठरवून न्यायालयाने तो २०२२ मध्ये निष्प्रभ केला. न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी तसेच विधेयक आधीच, डिसेंबर २०२१ मध्ये, नाकारले होते. त्यावरून धडा घेऊन कनेक्टिकटने २०२५ मध्ये निराळी वाट धरली. प्रकाशकावर सक्ती न करता, एकाच परवान्यात कालावधी आणि वापराची संख्या अशा दोन्ही मर्यादा घालणारे करार राज्यातील ग्रंथालयांनीच करू नयेत, असे तेथील कायदा सांगतो. म्हणजे येथे राज्य केवळ आपल्या पैशाचा विनियोग नियंत्रित करते. लहान राज्याने एकट्याने अटी घातल्या तर प्रकाशक त्याच्याकडे पाठ फिरवतील हे ओळखून, तशाच प्रकारचा कायदा करणाऱ्या इतर राज्यांची एकत्रित लोकसंख्या ७० लाखांवर गेल्यावरच तो अमलात यावा, अशी सोयही त्यात आहे. आतापर्यंतच्या उपायांत हाच सर्वांत विचारपूर्वक रचलेला दिसतो, कारण ग्रंथालयांची खरी ताकद एकत्रित खरेदीत आहे हे त्याने जाणले आहे.

युरोपात १० नोव्हेंबर २०१६ रोजी युरोपीय न्यायालयाने नेदरलँड्सच्या ग्रंथालयांच्या खटल्यात, एक प्रत एक वाचक या पद्धतीने ई-पुस्तक देणे हे सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेवीत मोडू शकते आणि लेखकाला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, असे म्हटले. ब्रिटनने जुलै २०१८ पासून, ग्रंथालयातून पुस्तक नेले गेल्यास शासनाकडून लेखकाला मिळणारे मानधन ई-पुस्तकांनाही लागू केले; प्रकाशकांची भीती रास्त आहे असे मानले तर तिचे सरळ उत्तर हेच आहे. स्वीडनमध्ये दर वापरामागे शुल्क देण्याची पद्धत रुळली आणि रांगेऐवजी सभासदाच्या साप्ताहिक पुस्तकसंख्येवर मर्यादा आली. डेन्मार्कमध्ये २०११ साली अशाच रांगविरहित पद्धतीने सुरू झालेल्या ई-रिओलेन सेवेतून मोठे प्रकाशक काही काळ बाहेर पडले होते. रांग हटवली तर खर्चाची मर्यादा कोठेतरी दुसरीकडे उभी राहते, हे या देशांच्या अनुभवावरून स्पष्ट होते; मात्र ती मर्यादा लोकांनी निवडलेल्या संस्थेने ठरवणे आणि विक्रेत्याने ठरवणे यांत मोठे अंतर आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली हजारो ग्रंथालये शासनमान्य आहेत आणि अ, ब, क, ड या वर्गवारीनुसार त्यांना अनुदान मिळते. मराठी ई-पुस्तकांची देवघेव मात्र त्यांच्या रोजच्या कामाचा भाग झालेली नाही, म्हणून ही रांग येथील वाचकाच्या अनुभवाची नाही. तरीही कायद्याची चौकट ओळखीची आहे. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १४ मध्ये, वितरणात आधीच आलेल्या प्रती प्रकाशकाच्या हक्कातून वगळल्या आहेत, म्हणजे छापील प्रतीबाबत ग्रंथालय येथेही मोकळे आहे; २०१२ च्या दुरुस्तीने ग्रंथालयाला छापील प्रत हाती असल्यास जतनासाठी तिची संगणकीय प्रत साठवण्याची मुभाही दिली, पण ती देवघेवीची मुभा नव्हे. उद्या एखादी कंपनी मराठी ई-पुस्तकांचे परवाने घेऊन ग्रंथालयांच्या दारी आली, तर करार करताना विचारायचे प्रश्न अमेरिकेतील ग्रंथपालांनी मोठी किंमत मोजून आधीच शोधून ठेवले आहेत: परवाना वापराने संपतो की केवळ दिवसांनी, मागणी ओसरल्यावर त्याचे काय होते, कंपनी बदलली तर संग्रह सोबत येतो का, आणि लेखकाला दर वापरामागे काही मिळते का. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत छापील पुस्तकाला एक दाखल अंक मिळतो आणि निकाली काढेपर्यंत ते संस्थेची मालमत्ता म्हणून राहते. दोन वर्षांनी नाहीसा होणारा परवाना त्या वहीत कसा नोंदवायचा, हे ग्रंथालय संचालनालयाने, ग्रंथालय संघाने आणि मराठी प्रकाशकांनी पहिला करार होण्यापूर्वीच एकत्र बसून ठरवावे.